बोलण्याआधीचे ऐकणे

टेलिफोन आणि वॉकीटॉकी ही एकाच घराण्यातली यंत्रे, पण स्वभाव अगदी वेगळे. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते, भांडता येते, एकमेकांचे वाक्य तोडता येते. अग्निशमन जवानाच्या हातातल्या साध्या रेडिओवर ते जमत नाही. कळ दाबली की यंत्र बोलते आणि बहिरे होते. कळ सोडली की मुके होते आणि ऐकू लागते. शिवाय ही वाट एकट्याची नसते. एकाच चॅनेलवर अनेक माणसे असतात आणि एका वेळी एकालाच बोलता येते. अरुंद पुलासारखेच हे: अलीकडची गाडी पार झाल्याशिवाय पलीकडची घालायची नाही. आपत्कालीन रेडिओचा इतिहास बहुधा शोधांचा म्हणून सांगितला जातो. मला तो या पुलावरच्या शिस्तीचा इतिहास वाटतो, आणि या शिस्तीची किंमत बऱ्याचदा माणसांनी प्राण देऊन मोजली आहे.

सुरुवात समुद्रावर झाली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज बर्फामुळे थांबले होते. त्यावरचा एकमेव तारायंत्रचालक सिरिल इव्हान्स याने ‘टायटॅनिक’ला तसे कळवायला घेतले. तिथला जॅक फिलिप्स त्या वेळी प्रवाशांच्या तारा किनाऱ्यावरच्या केप रेस केंद्राला पाठवत होता. जवळच्या जहाजाचा संदेश त्याच्या कानात धाडकन आदळला. गप्प राहा, मी कामात आहे, असे त्याने उलट कळवले. इव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला, मग यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर काही मिनिटांतच, ११ वाजून ४० मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगावर आदळले. मदतीची हाक दूरच्या ‘कार्पेथिया’ने ऐकली. तिने सातशेहून अधिक माणसे वाचवली. सुमारे पंधराशे गेली. दोन्ही जहाजांवरची यंत्रे ठीक होती. पण तातडीच्या संदेशाला वाट कुणी द्यायची आणि रात्री ऐकत कुणी बसायचे, याचा नियम नव्हता. चोवीस तास कान उघडा ठेवण्याचे बंधन त्यानंतर आले.

जमिनीवर पहिली धाव पोलिसांची. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते फक्त ऐकण्याचे. मुख्यालयातून हुकूम सुटे. तो पोहोचला की नाही हे सांगायला शिपायाला रस्त्यावरचा टेलिफोन गाठावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराच्या पोलीस गाड्यांतून उलट बोलणे सुरू झाले. मला हा टप्पा फार मोठा वाटतो. आजवर हुकूम ऐकणारा माणूस आता ‘इथे वेगळेच घडते आहे’ असे वर सांगू शकत होता.

पुढे एडविन आर्मस्ट्राँगच्या एफएम पद्धतीने खरखर घालवली. प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी १९४० च्या सुमारास कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी दुहेरी एफएम यंत्रणा उभी केली. हेच नोबल पुढे, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवर गेलेल्या, सोळा किलोंच्या आसपास वजनाच्या वॉकीटॉकीमागे होते. एफएमची एक खोड मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दोघे एकदम बोलले, तर जोरकस लहर क्षीण लहरीला झाकून टाकते. अधिकारी दाराशी उभा राहून बोलत असेल आणि तळघरात अडकलेला जवान त्याच क्षणी हाक मारत असेल, तर हाक कुणाच्या कानी पडतच नाही. म्हणून प्रशिक्षणातला पहिला धडा असतो: आधी ऐका. मग कळ दाबा, क्षणभर थांबा, आणि थोडक्यात बोला.

हा क्षणभराचा थांबाही इतिहासातून आला आहे. जुन्या यंत्रांना पुरी ताकद पकडायला किंचित वेळ लागे आणि पहिले अक्षर गळून जाई. १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी संकेतांक योजले, तेव्हा प्रत्येकाच्या आधी ‘दहा’ हा आकडा ठेवला. गळालाच तर तो गळेल, अर्थ वाचेल! ‘रॉजर’ हा शब्द म्हणजे जुन्या ध्वनिवर्णमालेतला ‘आर’, म्हणजे ‘मिळाले’. ‘ओव्हर’ म्हणजे माझे झाले, आता तुम्ही. ‘आउट’ म्हणजे संवाद संपला. म्हणूनच सिनेमातले ‘ओव्हर अँड आउट’ जाणकाराच्या कानाला खटकते: उत्तर द्या म्हणायचे आणि दारही लावायचे!

११ सप्टेंबर २००१ रोजी या शिस्तीची क्रूर परीक्षा झाली. १९९३ च्या बॉम्बस्फोटात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत जवानांचे रेडिओ नीट चालले नव्हते, म्हणून तिथे रिपीटर बसवला होता. क्षीण लहर पकडून ती जोमाने पुन्हा फेकणारे हे यंत्र. त्या सकाळी उत्तर मनोऱ्यात अधिकाऱ्यांनी ते तपासले आणि ते बंद आहे असा समज करून घेतला. चौकशी आयोगाला आढळले ते असे: मुख्य हँडसेटसाठी दुसरी एक कळ दाबायची होती, ती दाबलीच गेली नव्हती. दक्षिण मनोऱ्यात तेच चॅनेल चालले. बटालियन प्रमुख ओरिओ पामर ७८व्या मजल्यावर पोहोचले आणि तिथली स्थिती त्यांनी खाली कळवली. उत्तर मनोऱ्यात मात्र बाहेर पडण्याचा हुकूम गर्दी झालेल्या चॅनेलवर सगळ्यांपर्यंत गेला नाही. पोलिसांचे हेलिकॉप्टर धोक्याची सूचना देत होते. पोलीस आणि अग्निशमन दल यांची वारंवारता वेगळी होती. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. सगळा दोष रेडिओचा नव्हता, हे आयोगाच्या अहवालातूनही दिसते. काही जणांकडे रेडिओच नव्हते. पण पुढे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती संस्थेने धरलेला आग्रह बोलका आहे: अनेक दले एकत्र येतील तेव्हा संकेतांक सोडा, साध्या भाषेत बोला. एका दलाचा ‘दहा’ दुसऱ्या दलात भलताच अर्थ देत होता.

याच्या उलट चित्र आपल्या समुद्रात दिसले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओचा उपक्रम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क जोडणे एवढाच हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि तोच खेळातला अँटेना बेटांचा आवाज झाला. ही माणसे ऐकायला सरावलेली होती. खरखरीतून क्षीण हाक वेगळी काढणे हाच त्यांचा छंद. म्हणून निरोप नेमके गेले.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यामुळे ही विद्या जुनाट वाटू शकते. पूर किंवा भूकंपात मनोरे पडतात, वीज जाते, आणि उरलेल्या नेटवर्कवर सगळे गाव एकदम नंबर फिरवते. दोन हातातले रेडिओ मात्र मधल्या कुठल्याही मनोऱ्यावाचून थेट बोलतात. ते ज्यांच्या हाती द्यायचे, त्यांनी कळ कधी दाबायची हे दुपारभरात शिकता येईल. ती कधी दाबायची नाही, हे अंगवळणी पडायला वारंवार सराव करावा लागतो, आणि तो संकट येण्याआधीच करावा लागतो.