उक्कू, गिरणी आणि माझी एक चूक

मी होसकोट्याहून बोलतोय. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळूरबरोबर हे गावही होतं, त्यामुळे इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते नवीन नाही. आज मात्र तलवार कुणी चालवली ते नाही, ती कशाची होती ते बोलायचंय. मागच्या एका भागात मी जोशात म्हणून गेलो, "आपल्या लोहारांना नॅनो तंत्रज्ञान ठाऊक होतं." ते चूक होतं.

पोलादाला कन्नडमध्ये 'उक्कू' म्हणतात. इंग्रजांचा 'वुट्झ' त्यावरूनच आला असं मानतात. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचा नमुना लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवला. पुढे फॅरेडेनेही त्यावर प्रयोग केले. २००६ मध्ये जर्मन संशोधकांना एका जुन्या दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्या. मी तेवढंच वाचून उडी मारली! लोहाराच्या हाताला पोलाद कळत होतं, पण त्या नलिका दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला. नकळत घडणं वेगळं आणि ठरवून घडवणं वेगळं.

ठरवून घडवण्याची गोष्ट विसाव्या शतकातली. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच यांनी दाखवलं की धातूच्या आतले स्फटिकदाणे जितके बारीक, तितका तो बळकट. दाण्याचा व्यास पावपट केला, तर दाण्यांच्या सीमांमुळे मिळणारं बळ दुप्पट होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत जॉन बेंजामिन यांनी धातूची भुकटी पोलादी गोळ्यांसह गिरणीत फिरवली. खलबत्त्यात मिरे नुसते बारीक होतात. इथे कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, पुन्हा फुटतात. बेंजामिन यांना निकेलच्या मिश्रधातूत ऑक्साइड सारखं पसरवायचं होतं. १९८० च्या दशकात जर्मनीत ग्लायटर यांनी धातूची वाफ गोठवून, दाबून नॅनोदाण्यांचे धातू केले. मग कळलं, असे दाणे गिरणीतही मिळतात.

इथे एक घोटाळा होतो. भुकटीचा कण म्हणजे दाणा नव्हे. कण हा बुंदीचा लाडू, दाणा ही त्यातली बुंदी. काही मायक्रॉनच्या कणात दहा-वीस नॅनोमीटरचे असंख्य दाणे असतात. खरी कसोटी पुढे आहे. भुकटी दाबून सलग धातू करायचा तर उष्णता लागते, आणि उष्णतेने दाणे वाढतात. उष्णता कमी पडली तर आत पोकळ्या राहतात, जास्त झाली तर गिरणीतली मेहनत वाया जाते. शिवाय दाणे साधारण दहा नॅनोमीटरच्या खाली गेले की बळ वाढायचं थांबतं, कधी घटतंही.

आच सांभाळणं उक्कूच्या लोहारालाही चुकलं नव्हतं. तो फार तापवला की तलवारीवरची लहर जाते. त्याचं हे कसब खरं आहे आणि मोठं आहे. त्याला नॅनोचा उसना मुकुट कशाला? माझा तो जुना भाग या पुस्तकात तसाच ठेवलाय. तो वाचाल तेव्हा ही दुरुस्तीही सोबत वाचा.