ऑफिसातलं पाणी कुणाचं?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी, गेटवरचे वॉचमन काका, फायली नेणारे शिपाई, ही माणसं चहा कुठल्या कपात पितात? तुमच्याच, की त्यांचे कप वेगळे, मोरीजवळ ठेवलेले? उत्तर लक्षात ठेवा. आधी शंभरेक वर्षं मागे जाऊ.

साल १९१७, बडोदा. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झाले. आणि ऑफिसातले शिपाई काय करायचे? विटाळ नको म्हणून त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. प्यायला पाणीही त्यांना ऑफिसात मिळायचं नाही. म्हणजे बघा, हुद्दा साहेबाचा, पण मान ठरला जातीवरून. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे शिपाई नाही, तर बरोबरच्या काही प्राध्यापकांनीच त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर आक्षेप घेतला. शिकलेले असोत की न शिकलेले, वागणूक तीच.

आता बिहारमधलं आरा गाव. १९२२ मध्ये जगजीवन राम नावाचा मुलगा तिथल्या शाळेत दाखल झाला. शाळेत पाण्याचे दोन माठ होते, एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. हा मुलगा हिंदूंच्या माठातलं पाणी प्यायला. तक्रार झाली आणि मुख्याध्यापकांनी तोडगा काढला: अस्पृश्यांसाठी तिसरा माठ! या पोराने तो फोडला. नवा ठेवला, तोही फोडला. शेवटी तिसरा माठ ठेवणंच बंद झालं.

हाच मुलगा १९४६ मध्ये देशाचा कामगारमंत्री झाला. त्याच्याच कारकिर्दीत १९४८ चा कारखाने कायदा आला. त्यात पिण्याच्या पाण्याचं कलम होतं. पाण्याच्या जागेवर ‘पिण्याचे पाणी’ असं बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लिहायचं. अडीचशेहून जास्त कामगार असतील, तर उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय करायची. माठ फोडला म्हणून हे कलम आलं, असा माझा दावा नाही. पण ज्याने पाण्यावरून अपमान सोसला, तोच माणूस तेव्हा त्या खुर्चीवर होता, हे विसरू नका.

मग कंत्राटी कामगार आले. १९७० च्या कायद्याने सांगितलं, त्यांच्यासाठी पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा ही कंत्राटदाराची जबाबदारी. त्याने नाही केलं, तर मूळ मालकाने करायचं आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करायचा. म्हणजे ‘ते आमचे नाहीत, एजन्सीचे आहेत’ ही पळवाट तेव्हाच बंद केली होती.

तरीही ही पळवाट आपण रोज वापरतो. कायद्याने पाणी दिलं, पण कपाचं काय? आपण ‘मावशी’ म्हणतो, गोड बोलतो, आणि मावशींचा कप मात्र वेगळा ठेवतो. वाढदिवसाचा केक सगळ्यांना वाटतो, पण त्या उभ्या आणि आपण बसलेले. आता कुणी तोंडावर जात विचारत नसेलही. पण वेगळा कप ठेवताना मनात काय असतं, ते स्वतःलाच विचारून बघा. बडोद्यातले शिपाईही ‘आम्ही फक्त रीत पाळतो’ असंच समजत असतील.

म्हणून उद्या दोन गोष्टी करा. एक, सगळ्यांचे कप एकाच फळीवर ठेवा. कुणाला सांगत बसू नका, नुसते ठेवा. दुसरी, मावशींना त्यांचं नाव विचारा आणि त्यांना कशी हाक मारलेली आवडेल, तेही विचारा. ‘मावशी’च आवडत असेल, तर मावशीच म्हणा. पण ते त्यांनी ठरवू द्या.

कपांचं काय झालं, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!