टोमॅटोचा वाण निवडताना नुसते टन बघू नका. चाचणीचे आकडे कसे वाचायचे अन् बांधावर तुलना कशी करायची

जुन्नर, नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या टोमॅटो पट्ट्यात लागवडीचा हंगाम जवळ आला की एकच चर्चा असते, यंदा कोणता वाण लावायचा? नर्सरीवाला एक सांगतो, दुकानदार दुसरा, शेजारच्याचा गेल्या वर्षी तिसराच चाललेला असतो. मोबाईलवर झाडाला लगडलेल्या फळांचे व्हिडिओ येतात ते वेगळेच. रोपं, मल्चिंग, ड्रिप, बांबू, तार, सुतळी, फवारण्या हा सगळा खर्च आधी होतो. वाण चुकला की तो खर्च त्या हंगामापुरता अडकलाच. वाणांची तुलना शेतात नेमकी कशी होते आणि तिचे आकडे आपल्या वावराला कसे लावायचे, याची ही माहिती.

एका झाडाला १९ किलो, मग एकरी किती?

बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित वाण बऱ्याच जणांच्या कानावर आहे. कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याने एका झाडापासून १९ किलोपर्यंत माल काढल्याच्या बातम्या २०१५ च्या सुमारास सगळीकडे फिरल्या. बातमी वाचून अनेकांनी कागदावर हिशेब मांडला. चार फूट बाय दीड फूट अंतराने एकरात ७,२६० रोपं बसतात, गुणिले १९, म्हणजे जवळपास १३८ टन!

पण संस्था स्वतः या वाणाचं उत्पादन हेक्टरी ७५ ते ८० टन सांगते, तेही साधारण १४० दिवसांत. हेक्टर म्हणजे २.४७ एकर. म्हणजे एकरी ३० ते ३२ टन, आणि वरच्या अंतराने झाडामागे सव्वाचार-साडेचार किलो. १९ किलोची बातमी खोटी होती असं नाही. पातळ लागवडीत, भरपूर खत-पाणी आणि निगा मिळालेलं झाड तेवढं देऊ शकतं. मात्र एका झाडाचा आकडा हा वाणाचा आकडा नसतो. तुलना करायची तर ती एकराच्या हिशेबाने, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच दिवसांत.

संस्थेच्या चाचणीत काय करतात

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'भाग्यश्री', 'धनश्री' हे सुधारित आणि 'राजश्री', 'फुले राजा' हे संकरित वाण दिले. परभणीच्या विद्यापीठाचा 'परभणी यशश्री' आहे. बंगळूरच्या 'अर्का रक्षक', 'अर्का सम्राट' आणि 'अर्का अभेद' या संकरित वाणांमध्ये एकापेक्षा जास्त रोगांना प्रतिकार आहे. असा वाण बाहेर येण्याआधी अनेक ठिकाणी, अनेक हंगाम लावून बघतात. देशपातळीवर हे काम अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्पातून चालतं आणि त्याची सूत्रं वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेतून हलतात. राज्यात विद्यापीठांची संयुक्त बैठक, म्हणजे 'ॲग्रेस्को', शिफारशीवर शिक्का मारते.

चाचणीची पद्धत ऐकायला किचकट वाटते, पण तिचं मूळ शेतकऱ्याला पाठ असलेल्या गोष्टीत आहे: एकाच वावरात जमीन सारखी नसते. बांधाकडच्या दोन सऱ्यांवर झाडाची सावली पडते. ड्रिपच्या शेवटच्या टोकाला दाब कमी. मधे कुठंतरी चुनखडीचा पट्टा निघतो, नाहीतर उकिरड्याची जुनी जागा. एक वाण वरच्या अंगाला अन् दुसरा खालच्या अंगाला लावला तर शेवटी तुलना वाणांची होते की जमिनीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून वावराचे तीन-चार सारखे भाग करतात आणि प्रत्येक भागात सगळे वाण लावतात. कोणता वाण कुठल्या तुकड्यात येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. चिठ्ठ्यांचं महत्त्व मोठं आहे, कारण माणूस आपल्या आवडीच्या वाणाला नकळत चांगली जागा देतो. सोबत एक जुना, सगळ्यांच्या ओळखीचा वाण तुलनेसाठी असतोच. ही रीत इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी बसवली. आपल्याकडे कृषी पदवीच्या पोरांना ती 'पानसे-सुखात्मे' या नावाने माहीत आहे. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी शेतीच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र सांगणारं पुस्तक लिहिलं, ते १९५४ मध्ये आलं आणि आजही चालतं.

तक्त्याच्या तळाची एक ओळ

विद्यापीठाच्या अहवालात वाणांच्या तक्त्याखाली 'सी. डी.' असा एक आकडा असतो. मराठीत त्याला क्रांतिक फरक म्हणतात. बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत, आणि सगळ्यात कामाची तीच असते. उदाहरण म्हणून समजा, एका वाणाचं उत्पादन हेक्टरी ६२ टन, दुसऱ्याचं ५८ टन आणि सी. डी. आहे ६ टन. फरक चार टनांचाच, सी. डी.पेक्षा कमी. म्हणजे हा फरक जमिनीच्या उन्नीस-बीसमुळेही पडू शकतो आणि दोन्ही वाण उत्पादनात सारखेच धरायचे. अशा वेळी ६२ टनांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. निवड फळाच्या प्रतीवर, रोगावर आणि रोपाच्या किमतीवर करावी. जाहिरातीच्या पत्रकावर सी. डी. कधीच छापलेली नसते, आणि किती ठिकाणी किती हंगाम लावून बघितलं हेही नसतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. रब्बीत उत्तम आलेला वाण पावसाळ्यात फळ तडकून हातचा जातो. उन्हाळ्यात रात्रीही गरम राहिलं की फुलं गळतात, कळी सेट होत नाही. पारा ३० अंशांच्या वर राहिला की फळात लाल रंग देणारं लायकोपीन नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. त्यामुळे नारायणगावच्या उन्हाळी लागवडीला रब्बीच्या चाचणीचा आकडा लावू नये.

एकूण माल वेगळा, विकाऊ माल वेगळा

फसगत सर्वात जास्त होते ती इथं. चाचणीत एकूण उत्पादन आणि विक्रीयोग्य उत्पादन असे दोन आकडे असतात. पट्टीवर येतो तो दुसरा.

हिशेबासाठी समजा, अ वाणाने एकरी ३० टन दिले, पण २२ टक्के माल तडकलेला, बारीक, किडका निघाला. राहिले २३.४ टन, म्हणजे २० किलोचे ११७० क्रेट. ब वाणाने २७ टनच दिले, पण खराब माल ८ टक्के. राहिले २४.८४ टन, म्हणजे १२४२ क्रेट. तीन टन कमी देणाऱ्या वाणाने ७२ क्रेट जास्त भरले. वरून खराब माल तोडायची, निवडायची मजुरी वाचली.

फळाचं वजनही असंच खिशाला लागतं. ६० ग्रॅमचं फळ असेल तर एका क्रेटला सव्वातीनशेच्या वर फळं तोडावी लागतात, ९० ग्रॅमच्या फळाला सव्वादोनशेच्या आत काम होतं. मजूर मिळेना झालेत तिथं हा फरक लहान नाही. अर्का रक्षकचं फळ ९० ते १०० ग्रॅमचं, चौकोनी-गोल आणि टणक. अर्का सम्राटचं ९० ते ११० ग्रॅमचं. जुन्या 'पुसा रुबी'चं फळ चपटं, शिरा असलेलं, आंबट आणि पातळ सालीचं. घरच्या आमटीला त्याची चव आजही कुणी नावं ठेवत नाही, पण क्रेटमध्ये भरून लांबच्या बाजाराला पाठवायचं ते फळ नव्हे.

माल लांब जाणार की जवळ, यावर प्रतीचा अर्थ बदलतो. दिल्लीकडे जाणारा माल फळाच्या बुडाला रंग फिरू लागला की तोडतात. त्याला जाड गर, घट्ट साल आणि टिकाऊपणा पाहिजे. आठवडी बाजारात विकणाऱ्याला लालबुंद रंग आणि चव पुरते. प्रक्रियेच्या कारखान्याला विद्राव्य घटक, म्हणजे 'ब्रिक्स' जास्त हवा. साधारण फळात तो ४ ते ६ असतो. २८ ब्रिक्सची एक किलो पेस्ट करायला ४ ब्रिक्सच्या रसातून ७ किलो लागतात, ५ ब्रिक्सच्या रसातून ५.६ किलोच. फायदा उघड आहे, फक्त तो कारखान्याचा. दर नुसत्या वजनावर ठरला असेल तर जास्त ब्रिक्सचा वाण लावून शेतकऱ्याला दमडीही जास्त मिळत नाही. करार करताना हे विचारून घ्यावं. राहुरीचा 'भाग्यश्री' लायकोपीन जास्त असल्यामुळे प्रक्रियेसाठी सांगितला जातो.

रोग आपल्या भागात कोणता?

'प्रतिकारक' हा शब्द पाकिटावर वाचून समाधान मानू नये, कशाला प्रतिकारक ते बघावं. अर्का रक्षक तीन रोगांना तोंड देतो: पानं गुंडाळणारा लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. अर्का अभेदमध्ये उशिरा येणाऱ्या करप्याची भर आहे. कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी, ओलसर जमिनीत जिवाणूजन्य मर उभं पीक झोपवते, तिथं हा गुण सोन्याच्या मोलाचा. देशावरच्या काळ्या जमिनीत त्या रोगाचा जोर कमी, पण पांढऱ्या माशीमुळे येणारा लीफ कर्ल आणि फुलकिड्यांमुळे येणारे विषाणू त्रास देतात.

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, सातारा, नगर, नाशिक भागात फळांवर पिवळे-हिरवे-लाल पट्टे आले आणि शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. बंगळूरला नमुने तपासले तेव्हा काकडीवरचा मोझॅक विषाणू प्रामुख्याने सापडला. तो माव्यामार्फत पसरतो. लीफ कर्लला प्रतिकारक असलेला वाण या विषाणूलाही दाद देणार नाही, असं धरून चालता येत नाही.

फळाचं बूड काळं पडलं की वाणाच्या नावाने बोटं मोडली जातात. ते कॅल्शियमची कमतरता आणि पाण्याची ओढाताण यामुळे होतं. लांबट फळाच्या वाणात जास्त दिसतं हे खरं, पण पाणी नियमित केलं की बराच फरक पडतो.

आपल्याच वावरात चाचणी

सगळं रान एकदम नव्या वाणाखाली घालण्यापेक्षा दोन-तीन गुंठ्यांत आधी बघणं शहाणपणाचं. दोन नवे वाण आणि आपला नेहमीचा एक, असे तीन पुरेत. जास्त घेतले की नोंदी सांभाळत नाहीत. रोपं एकाच नर्सरीची, एकाच वयाची, २५ ते ३० दिवसांची. लागवड एकाच दिवशी. वावराचे चार भाग, प्रत्येक भागात तिन्ही वाणांची २०-२० रोपं, जागा चिठ्ठीने. खत, पाणी, फवारणी, बांधणी सगळ्यांना सारखी. नव्या वाणाची जास्त उठाठेव केली तर चाचणी गेलीच म्हणून समजा. तुकड्याच्या दोन्ही टोकांची दोन-दोन झाडं सोडून मधल्या १६ झाडांचाच माल मोजावा, कारण टोकाच्या झाडाला शेजारच्या वाणाची सावली किंवा जास्तीची मोकळी जागा मिळते. खुंट्यांवर ऑइलपेंटने नाव घालावं, चिठ्ठी पावसात जाते.

प्रत्येक तोड्याला तारीख, विकाऊ माल किती किलो, खराब किती आणि कशामुळे, एवढंच लिहायचं. लटकता काटा आणि वही पुरते. तोड्यानिहाय नोंद का, तर सगळा माल तीन आठवड्यांत येणारा वाण आणि दोन महिने थोडा थोडा देणारा वाण यांचे टन सारखे असले तरी पैसे सारखे होत नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात भाव पडल्याने शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले आणि जुलैत नारायणगावला २० किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. बाजार असा उलटतो तेव्हा तोडा लांबलेल्याला निदान संधी तरी राहते. उलट ठराविक दिवसांत रान मोकळं करून कांदा घ्यायचा असेल तर लवकर आटपणारा वाणच बरा.

तिसऱ्या-चौथ्या तोड्यातली, रंग फिरू लागलेली २० फळं प्रत्येक वाणाची घेऊन सावलीत एका थरात ठेवावीत. पाचव्या, आठव्या, बाराव्या दिवशी किती मऊ पडली, किती सुरकुतली, किती सडली ते मोजावं. दोन फळं आडवी कापून गराची जाडी पट्टीने बघावी. ब्रिक्सचं मीटर द्राक्षबागायतदारांकडे असतंच, एका दुपारीपुरतं मागून आणता येतं. फक्त फळं एकाच पक्वतेची हवीत आणि तोडण्याआधी पाणी सगळ्यांना सारखं दिलेलं हवं. पाणी तोडलं की ब्रिक्स वाढतो, वजन घटतं, अन् श्रेय उगाच वाणाला जातं.

शेवटी चारही तुकड्यांचे आकडे शेजारी मांडावेत. नवा वाण चारही ठिकाणी पुढे असेल तर पुढच्या हंगामात क्षेत्र वाढवायला हरकत नाही. दोन ठिकाणी पुढे, दोन ठिकाणी मागे असेल तर तो फरक वाणाचा नाही. आणि एकाच हंगामावर सगळं रान लावू नये, पाऊसमान बदललं की क्रम बदलतो.

ज्यांना एकट्याने हे जमणार नाही त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात 'शेतावरील चाचणी' आणि 'आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिक' याची चौकशी करावी. निवड झाल्यास बियाणं आणि मार्गदर्शन केंद्राकडून मिळतं, नोंदी मात्र शेतकऱ्यालाच ठेवाव्या लागतात. संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी धरू नये, पुढची पिढी एकसारखी येत नाही. 'धनश्री', 'भाग्यश्री'सारख्या सुधारित वाणांचं बी निरोगी झाडांच्या फळांतून घरी धरता येतं.

बियाण्याचं बिल, रिकामं पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर शेवटचा तोडा होईपर्यंत जपून ठेवावा. रोपं नर्सरीतून घेतली असतील तर बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. वाणात भेसळ निघाली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे पीक उभं असतानाच लेखी अर्ज करावा लागतो, पंचनामा उभ्या झाडांचाच होतो.