खिळ्यांपासून रबरापर्यंत : डोंगरी बुटाच्या तळाचा इतिहास

१ मे १९९९. एव्हरेस्टच्या उत्तर अंगाला, सुमारे ८,१५० मीटर उंचीवर, शोधमोहिमेतल्या कॉनरॅड अँकरला एक गोठलेला देह दिसला. तो १९२४ साली बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा होता. त्याच्या पायात चामडी बूट होता आणि बुटाच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले होते.

डोंगरात धावण्यासाठी बूट घेताना आज आपण तो उलटा करून त्याचे रबरी दाते निरखतो. त्या दात्यांची कथा समजून घ्यायची, तर या खिळ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकातला आल्प्सचा गिर्यारोहक खिळ्यांच्या बुटांवरच विसंबून असे. खिळे गवतात रुततात, बर्फात धरतात, खडकाच्या बारीक खाचेतही अडकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकां नावाच्या जवाहिऱ्याने दातेरी कडांचे विशेष खिळे काढले. त्याच्या टोपणनावावरून ते ‘ट्रिकूनी’ म्हणून ओळखले गेले. जवाहिऱ्याची नजर बुटाच्या तळाकडे वळावी, हे मला फार आवडते.

खिळ्यांचा दोष मात्र मूळचाच होता. धातू उष्णता वाहून नेतो, त्यामुळे बर्फावरची थंडी तळातून आत शिरे. शिवाय गुळगुळीत उभ्या कातळावर लोखंड घसरते. म्हणून आरोहक कड्याच्या पायथ्यापर्यंत जड बूट घालून जात आणि चढाईपूर्वी ते उतरवून हलके, मऊ तळाचे जोडे चढवीत. कोरड्या खडकावर ही युक्ती उत्तम. पण वरती हवा बिघडली तर?

सप्टेंबर १९३५ मध्ये इटली व स्वित्झर्लंडच्या सीमेवरील पुंता रासिका या शिखरावर नेमके तेच घडले. चढाईच्या हलक्या जोड्यांत असलेल्या तुकडीला वादळाने आणि हिमवर्षावाने गाठले. निसरड्या, गोठलेल्या खडकावरून त्या जोड्यांनी उतरणे अशक्य झाले. सहा जण थंडीने आणि श्रमाने मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांत मिलानचा विताले ब्रामानी होता.

सहा सोबती गमावलेल्या या माणसाने पुढची दोन वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : पायथ्याला बदलावा लागणार नाही, असा एकच तळ बनवता येईल का? साधे रबर थंडीत कडक होते आणि उन्हात चिकट. गंधकासह तापवून ते पक्के करण्याची रीत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्येच शोधली होती आणि तोवर टायरांच्या धंद्यात ती चांगली मुरलीही होती. ब्रामानीला पाठबळ मिळाले ते पिरेली या टायर कंपनीचेच. १९३७ मध्ये त्याच्या तळाचे पेटंट झाले. नाव ठेवले ‘कार्रार्मातो’, म्हणजे रणगाडा. मध्ये फुलीच्या आकाराचे दाते, कडेने खाचा. ही नक्षी आजही बनते. कंपनीचे नाव त्याच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांतून आले : व्हायब्रॅम. ३१ जुलै १९५४ रोजी लाचेदेल्ली आणि कोंपान्योनी के-टूच्या माथ्यावर प्रथम पोहोचले, तेव्हा त्यांच्या बुटांना हाच तळ होता.

पण जुन्या मंडळींनी नव्या तळावर आक्षेप घेतले आणि ते निराधार नव्हते. ओल्या गवतावर व कडक बर्फावर खिळे जसे धरत, तसे रबर धरीत नाही. नव्या बुटांवर भिस्त ठेवून बर्फात उतरलेल्यांना ते महागात पडले. सर्व जमिनींवर चालणारा एकच तळ ब्रामानीलाही पूर्णपणे साधला नव्हता.

आता १९९३ सालच्या अमेरिकेत जाऊ. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावी शंभर मैलांची डोंगरी शर्यत होते; सुमारे ३,८०० मीटर उंचीची होप खिंड धावपटूला दोनदा ओलांडावी लागते. त्या वर्षी मेक्सिकोच्या चिवावा प्रांतातला, रारामुरी जमातीचा व्हिक्तोरियानो चुर्रो वयाच्या ५५व्या वर्षी ती जिंकला. पुरवलेले नवे बूट बाजूला सारून रारामुरी धावपटूंनी जुन्या टायरांच्या वहाणा बनवून घातल्या, अशी हकीकत सांगितली जाते. टायरच्या वहाणा आपल्याकडच्या खेड्यांनाही नव्या नाहीत. मात्र यावरून ‘बूट निरर्थक’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे. त्या वहाणांमागे जन्मभर डोंगर तुडवलेली पावले होती.

मग सह्याद्रीत बुटाची पारख कशी करावी? रबराची पकड दोन गोष्टींतून येते : खडकाला घट्ट चिकटून राहणे आणि खडबडीत पृष्ठभागावर दबून त्याचा आकार घेणे. पाण्याचा थर पहिली गोष्ट हिरावतो. म्हणून ओल्या कातळाला मऊ रबर आणि टेकण्यास भरपूर सपाट जागा लागते. चिखलाला याच्या उलट : खोल, विरळ दाते, म्हणजे माती अडकून न राहता गळून पडेल. घसाऱ्यावर उतरताना टाचेकडचे, उलट दिशेने वळवलेले दाते उपयोगी. मऊ रबर लवकर झिजते, तो सौदा पत्करावाच लागतो. आषाढातली एखादी वाट तासाभरात चिखल, शेवाळलेली शिळा आणि मुरमाड उतार असे तिन्ही पुढ्यात टाकते. खोल दाते पाहून हौसेने घेतलेल्या बुटांनी मी स्वतः अशाच एका शेवाळी शिळेवर आपटलो आहे. दाते चिखलासाठीचे होते. शिळेवर ते फक्त टोकांनी टेकत होते.

दुकानात म्हणूनच बूट उलटा करून अंगठ्याचे नख दात्यात रोवून पाहावे. बूट मधोमध वाकवावा. तो पावलाच्या चवड्यापाशी वाकायला हवा. सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, बोटांपुढे जागा उरते का ते पाहावे, कारण लांब उतारावर नखे काळी पडतात ती तिथेच. आणि शक्य असेल तर पहिली चाचणी गडावर न घेता, घराजवळच्या एखाद्या ओल्या दगडी पायरीवर घ्यावी.