बँड उघडलाय का?

पुण्याजवळच्या खडकीतून १९२७मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली लघुलहरींवरची बिनतारी तारसेवा सुरू झाली. २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचं उद्घाटन केलं. खडकीहून फक्त संदेश सोडले जात. इंग्लंडहून येणारे संदेश टिपणारं केंद्र दूर दौंडला होतं. आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात सातासमुद्रापलीकडचा क्षीण आवाज बुडून जाऊ नये, म्हणून ही फारकत. समुद्रतळाच्या केबलला या सेवेने अशी टक्कर दिली की १९३२मध्ये दोन्ही धंदे एकाच कंपनीखाली आणावे लागले.

मात्र या लहरी मोठ्या लहरी स्वभावाच्या. तीन ते तीस मेगाहर्ट्‌झच्या या पट्ट्यातले संदेश दूर पोचतात ते वातावरणाच्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनांबरावरून परतून. असा थर वर असावा, हे ऑलिव्हर हेविसाइड आणि आर्थर केनेली यांनी १९०२मध्येच सुचवलं होतं. एडवर्ड अ‍ॅपलटनने १९२४मध्ये तो प्रयोगाने दाखवला. हा थर सूर्यामुळे घडतो आणि सूर्याप्रमाणेच बदलतो. दुपारी स्वच्छ चालणारी वरची फ्रिक्वेन्सी रात्री मुकी होते, तेव्हा खाली उतरावं लागतं. ऋतू बदलला की गणित बदलतं. त्यात सूर्यडागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र आहेच. आणि सूर्यावर भडका उडाला, तर उन्हातल्या अर्ध्या पृथ्वीवरचे लघुलहरींचे संदेश अचानक बुडतात. या बुडण्याचं नातं सूर्याशी आहे, हे जॉन डेलिंजरने १९३५मध्ये मांडलं.

म्हणून ऑपरेटरला नुसता मोर्स येऊन भागत नसे. कोणता बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा कोणता पट्टा, कधी उघडतो याची कोष्टकं छापलेली असत, पण कोष्टक सांगणार महिन्याची सरासरी. आज संध्याकाळी आभाळाचा रंग काय, हे कानानेच ठरवायचं. असा कान तयार व्हायला वर्षं जात.

मग उपग्रह आले. १९७१मध्ये जुन्नर भागातल्या आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशी संदेशवहनातली लघुलहरींची सद्दी ओसरू लागली. जगभर हेच चाललं होतं. सैन्यदलंही उपग्रहांवर विसंबू लागली आणि जुने कान निवृत्त झाले. पंचाईत नंतर कळली. युद्धात उपग्रह निकामी करता येतो, त्याचा संदेश दाबता येतो. आयनांबर अणुस्फोटाने बिघडतं खरं, पण काही काळाने आपोआप सावरतं. लघुलहरी पुन्हा हव्याशा झाल्या, तेव्हा त्या हाताळणारी माणसं उरली नव्हती.

माणसाचं हे काम यंत्राला शिकवायचे प्रयत्न अमेरिकी कंपन्यांनी सुरू केले. रॉकवेल-कॉलिन्सची ‘सेलस्कॅन’ त्यांतली नावाजलेली. अडचण एकच, आणि तीही अगदी बाजारी: एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या संचाशी बोलेना. अखेर १९८८मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘मिल-स्टँडर्ड १८८-१४१ए’ हे मानक काढलं. ऑटोमॅटिक लिंक एस्टॅब्लिशमेंट (एएलई), म्हणजे संपर्क आपोआप जोडायची पद्धत, सर्वांसाठी एकसारखी झाली ती तिथे.

गंमत अशी की या यंत्राला आभाळाचं भाकीत करता येत नाही. ते फक्त न कंटाळता ऐकत राहतं. ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सी सेकंदाला दोन किंवा पाच या वेगाने तपासत फिरतं. अधूनमधून प्रत्येक केंद्र आपलं नाव उच्चारतं. बाकीची केंद्रं ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती स्वच्छ आलं, याचे गुण लिहून ठेवतात. कोणाला गाठायचं झालं की सर्वाधिक गुणांच्या फ्रिक्वेन्सीवर हाक जाते, समोरून ओ येते, तिला पोच दिली जाते. ही तिहेरी देवघेव जमली की घंटी वाजते आणि माणूस माइक उचलतो. नाही जमली, तर यंत्र पुढची फ्रिक्वेन्सी धरतं.

हाक ऐकू येते ती आठ सुरांच्या भराभर किलबिलाटासारखी. सर्वांत खालचा सूर ७५० हर्ट्‌झचा, वरचा २५०० हर्ट्‌झचा. नाव तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांनी जातं. प्रत्येक तुकडा तीनदा पाठवला जातो, तरी एका तुकड्याच्या तिन्ही खेपा मिळून ३९२ मिलिसेकंदांत उरकतात. शिवाय त्यावर गोले संकेताचं कवच. मार्सेल गोलेने १९४९मध्ये मांडलेल्या या संकेताने बारा बिटांना आणखी बारा बिटांची जोड मिळते आणि चोवीसांपैकी तीन बिघडले तरी मूळ मजकूर हाती लागतो. व्हॉयेजर यानांनी गुरू-शनीची रंगीत छायाचित्रं पाठवली तीही याच संकेताच्या आधाराने. खरखरीतून तीन अक्षरं वाचवायला एवढा जामानिमा थोडा जास्त वाटेल, पण लघुलहरींवर रात्र काढलेला कोणी तसं म्हणणार नाही.

१९९९च्या सुधारित मानकात एएलईची तिसरी पिढी आली. तिने सगळ्या संचांची घड्याळं जुळवली, त्यामुळे कोण कधी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतंय हे ठाऊक असे आणि तुकड्यांमागून तुकडे पाठवत लांबलचक हाका घालायची गरज कमी झाली.

एक मर्यादा मात्र तशीच राहिली. फ्रिक्वेन्सींची यादी आणि नावं दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असावी लागतात. अनोळखी माणसाला असं गाठणं अवघड. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या मोहिमेनिमित्त पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांनी लघुलहरींवरून मुख्य भूमीशी संपर्क राखला आणि बेटांवरच्या लोकांची खुशाली घरी कळवली. पलीकडे कोण ऐकत असेल हे ठरलेलं नव्हतं. बँड उघडा होता, आणि ज्याच्या कानी हाक पडली त्याने ओ दिली.