नारायणगावची पट्टी, पुण्याचा गल्ला

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला बाहेरगावचा माणूस येतो तो रेडिओ दुर्बीण बघायला. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 खोडदच्या शिवारात आणि उरलेल्या तीन फाट्यांनी लांबवर पसरलेल्या. आकाशातले क्षीण रेडिओसंदेश टिपायचे तर आसपास गोंगाट नको, म्हणून या टापूत कारखान्यांवर निर्बंध आहेत. त्यामुळे कुकडी प्रकल्पाचं पाणी आणि त्यावर पिकणारा भाजीपाला, यावरच इथल्या बऱ्याच घरांचा संसार चालतो.

जुन्नर तालुक्यात सहकार नवा नाही. उसाला विघ्नहर कारखाना मिळाला, दुधाला जिल्हा संघ मिळाला. भाजी मात्र एकटी राहिली. ऊस चार दिवस शेतात उभा राहतो, दुधाचं फॅट मोजून भाव ठरतो. कोथिंबिरीला ना थांबता येतं, ना मोजता येतं. संध्याकाळी उपटलेली जुडी सकाळपर्यंत मान टाकते. असा माल हाती असलेला माणूस भाव पाडून मागणाऱ्यापुढे उभा राहतो, तेव्हा घासाघीस करायची ताकद कुणाकडे असते हे सांगायला नको.

म्हणून वर्षानुवर्षे वाट एकच होती: नारायणगावचा बाजार. मेथी-कोथिंबिरीचा लिलाव शेकड्यावर, टोमॅटोचा 20 किलोच्या कॅरेटवर. उरलेला माल मुंबईला किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात. दोन दिवसांनी हातात पट्टी. तिच्यावर आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं अशा वजाबाकीच्या ओळी, आणि तळाला उरलेला आकडा. बाजार समित्यांचा 1963 चा कायदा शेतकऱ्याला उघड लिलाव आणि खरं वजन मिळावं म्हणूनच झाला होता, हे विसरायला नको. त्याआधीचा कारभार याहून वाईट होता. पण बाजार समितीबाहेर विकायचंच नाही, असा त्याचा दुसरा अर्थ झाला.

इतर राज्यं आधी हलली. पंजाबात 1987 मध्ये ‘अपनी मंडी’, आंध्रात 1999 मध्ये ‘रयतू बाजार’, त्याच वर्षी तमिळनाडूत ‘उळवर संधै’. आपल्याकडे गिऱ्हाईक मात्र त्याही आधी संघटित झालं होतं. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, एकत्र खरेदी केली आणि दुकानाशिवाय वाणसामान घरोघर पोचवलं. पण ते डाळ-तांदूळ-साबणाचं. डाळ महिनाभर डब्यात राहते. पालकाला ते जमत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने दार उघडलं ते कंपनी कायद्यातल्या 2002 च्या दुरुस्तीने; शेतकऱ्यांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. मुळशीत ज्ञानेश्वर बोडके यांच्या अभिनव फार्मर्स क्लबने शेतातली भाजी थेट पुण्यातल्या घरांत पोचवून दाखवली. पुढे शेतकरी गटांनी शहरात आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायला मोकळा झाला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली आणि ऑगस्टमध्ये राज्याने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान काढलं. अरणच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या संताचं नाव; सरकारी नामकरण क्वचितच इतकं चपखल बसतं. जागा महापालिकेची, समन्वय पणन मंडळाचा, माल शेतकऱ्यांचा. मुंबईत तर थेट विधानभवनाच्या आवारात बाजार भरला.

पुण्यातल्या अशा बाजारात तासभर उभं राहावं. पत्र्याचा किंवा कापडी मांडव, इलेक्ट्रॉनिक काटा, पाठीमागे रिकाम्या कॅरेटची चळत. बाई टोमॅटो दाबून बघतात, विक्रेती म्हणते, “ताई, दाबू नका, कालचाच तोडा आहे.” पिशवीत वरून चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी पडते. पट्टीची वाट नाही. रात्री गल्ला मोजायचा आणि गाडी नाशिक रस्त्याला लावायची.

पण हिशेब इतका सरळही नाही. गिऱ्हाइकाला एका मांडवाखाली वीस भाज्या हव्या असतात, एका शेतकऱ्याकडे दोन किंवा तीन. म्हणजे गट हवा. गट म्हटला की कुणाचा माल आधी विकायचा यावरून कुरबुर आली. निवडक माल शहरात, दुय्यम नारायणगावात, अशी विभागणी करावी लागते. संध्याकाळी पाऊस आला की सगळी पालेभाजी गळ्यात. आणि काही ठिकाणी यार्डातून माल उचलून ‘शेतकरी’ म्हणून बसणारेही घुसलेच. टाळेबंदीत, 2020 मध्ये, याच गटांनी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजीच्या पिशव्या पोचवल्या तेव्हा त्यांचं मोल सगळ्यांना कळलं. बाजार उघडले तसं बरंच गिऱ्हाईक पुन्हा कोपऱ्यावरच्या हातगाडीकडे वळलं. त्यात गिऱ्हाइकाचा दोष काय? हातगाडी रोज येते.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. आठवडे बाजाराने दलाल कमी केला, जोखीम कमी केली नाही. महाराष्ट्रात 2023 च्या उन्हाळ्यात टोमॅटो रस्त्याकडेला ओतला गेला. जुलैत नारायणगावात त्याच टोमॅटोच्या कॅरेटला 2000 रुपयांच्या वर भाव फुटला. दोन्ही वेळा शहरातलं गिऱ्हाईक त्या दिवशीच्या दरालाच बांधलेलं होतं. ही जोखीम गिऱ्हाइकाने वाटून घ्यायचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. जपानात 1970 च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने घरं आणि शेतं थेट जोडली गेली; अमेरिकेत 1986 पासून हंगामाचे पैसे आगाऊ भरायची रीत पडली. मुंबईत 2010 च्या आसपास ‘हरी भरी टोकरी’ने तेच केलं: पैसे आधी भरायचे, आणि आठवड्याला शेतात जे निघेल ते टोपलीत घ्यायचं. भोपळा आला तर भोपळा.

जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातली भाजी अशा टोपलीला अगदी सोयीची आहे. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात कुर्डू, करटुली. पूर्वेला बागायती टोमॅटो, फ्लॉवर, गवार, मेथी. हंगामाचे पैसे जूनमध्ये भरून भोपळ्यालाही हो म्हणणारी पन्नास घरं पुण्यातल्या एका सोसायटीत भेटली, तर खोडदच्या शेतकऱ्याला रोप लावतानाच माहीत असेल की निदान इतक्या मालाला लिलावाची हाक ऐकावी लागणार नाही. बाकीचा नेहमीसारखा नारायणगावला जाईलच.