दाजींची मोटारसायकल आणि 39.0 टक्के

2014 साल. ताईचं बाळ तिसाव्या आठवड्यातच झालं. काचपेटीत पाचव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि रात्री अकराला हातात चिठ्ठी आली: इम्युनोग्लोब्युलिन आणा. दाजींनी उसने पैसे काढले, ते फेडायला पुढे मोटारसायकल विकली. पोरगं वाचलं. घरात आजही ठाम मत आहे, त्या बाटलीनंच वाचवलं.

मी पुष्कळ नंतर वाचायला बसलो. कल्पना काही खुळी नव्हती बरं का! 1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की रोगाशी लढलेल्या प्राण्याच्या रक्तातला अंश दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. घटसर्पावरच्या सीरमसाठी बेरिंगना 1901 चं, म्हणजे वैद्यकातलं पहिलंच नोबेल मिळालं. त्यात आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर जन्मलेल्याची शिदोरी अर्धवटच. मग हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं द्यावीत, हे कुणालाही पटेल. छोट्या अभ्यासांत मृत्यू कमी झालेलेही दिसत होते.

तरी ब्रिटनमधल्या संशोधकांनी खात्री करायची ठरवली. 9 देश, 113 हॉस्पिटलं, 3,493 आजारी बाळं. अँटिबायोटिक सगळ्यांनाच. निम्म्यांना वर प्रतिपिंडांचे दोन डोस, निम्म्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं द्रव. कुणाला काय मिळालं ते ना आईबापांना माहीत, ना डॉक्टरांना. मग दोन वर्षांची होईपर्यंत प्रत्येकावर लक्ष ठेवलं.

निकाल 2011 मध्ये छापून आला. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व: औषधवाल्यांत 39.0 टक्के, दुसऱ्या गटातही 39.0 टक्के. दशांशापर्यंत सारखं!

म्हणजे आमच्या चिठ्ठीच्या तीन वर्षं आधीच.

आणि आपल्याच गडचिरोलीत काय झालं होतं? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना बाळाला ऊब देणं, स्तनपान सांभाळणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं शिकवलं. 1999 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. साधं, स्वस्त, वेळेवर.

काही दुसऱ्या आजारांत इम्युनोग्लोब्युलिन खरंच लागतं, त्यामुळे चिठ्ठी बघून भांडायला जाऊ नका. पण "कशासाठी देताय?" एवढं विचारा.

आमच्या भाच्याला बहुधा अँटिबायोटिकनं आणि रात्रभर जागलेल्या सिस्टरांनी वाचवलं. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.